वरचा थर

आंबिया बहाराची तोड चालू असतां आम्ही वरूड तालुक्यांतील एका गांवीं उपासनेकरितां गेलों होतों. मंडळींतील एका बागाइतदार भावाच्या मळ्यांत संत्र्यांच्या पेट्या भरण्याचें काम चाललें होतें. हात न थांबवितां त्यानें विचारिलें, "पाळकसाहेब, मोठीं फळें वरच्या थरांत मांडणें हें पाप आहे काय? सगळेच तसें करितात, आणि घेणाऱ्यासही तें ठाऊक असतें." प्रश्न सोपा नव्हता, म्हणून आम्हीं एक दिवस मागून घेतला. पुढें त्यास जें सांगितलें तें येथें लिहितों.

फळ बाजारासाठीं सजविणें ही कांहीं स्वतः लबाडी नव्हे. संत्रें ओढून तोडिलें तर देठाजवळची साल फाटते. म्हणून तें कात्रीनें, देठाचा अगदीं लहान तुकडा ठेवून कापितात. तुकडा लांब राहिला तर तो पेटींत शेजारच्या फळास टोंचतो, जखमेंतून हिरवी बुरशी आंत शिरते, आणि एका नासक्या फळापायीं शेजारचींही बिघडतात. मग फळें धुतात, वाळवितात, आकाराप्रमाणें निवडतात. धुण्यांत सालीवरचें नैसर्गिक मेण निघून जातें. त्या जागीं यंत्रावर मेणाचा पातळ थर देतात, त्यामुळें फळांतील पाणी लवकर उडत नाहीं. फळ चकाकतें खरें. परंतु जें धुऊन गेलें तेंच परत दिलें, यांत आम्हांस दोष दिसत नाहीं.

रंगाची गोष्ट अधिक विचार करण्याजोगी आहे. आंबा अगर केळें तोडल्यावरही पिकतें. संत्रें पिकत नाहीं. झाडावर असतां जी गोडी आली तेवढीच. तथापि हिरव्या संत्र्यास बंद खोलींत ठराविक प्रमाणांत एथिलीन वायू दिला तर साल पिवळी होते. (कार्बाइडनें फळें पिकविण्यास आपल्या देशांत कायद्यानें बंदी आहे, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.) आतां उबदार हवेंत पुष्कळदां आंतील गर तयार होतो आणि साल मात्र हिरवीच राहते. अशा फळाची साल पिवळी केली तर ती आंतली खरी हकीकतच सांगते. पण तीच खोली, तोच वायू, आणि आंत आंबट कच्चें फळ असलें, तर त्या सालीनें खोटी साक्ष दिली. कृत्य एकच असून एक निर्दोष व दुसरें दोषी ठरतें, कारण पाहावयाचें तें इतकेंच, कीं साल जें बोलते तें आंत आहे कीं नाहीं. आमच्या प्रभूनें परूश्यांस चुन्यानें पांढऱ्या केलेल्या कबरांची उपमा दिली, तींत चुन्याचा दोष नव्हता.

याच मापानें वरचा थर पाहूं. पेटी उघडतांच वरचीं फळें म्हणतात, 'खालींही आमच्यासारखींच आहेत.' तीं तशीं नसतात. घेणाऱ्यास ठाऊक असतें, हें अडत्यापुरतें खरें असेल. तो पेटी ओतून पाहतो, अथवा आधींच भाव पाडून बोलतो. पण आजारी लेकरासाठीं पेटी नेणाऱ्या मजुरास कोण सांगतें? शिवाय संशयानें सर्वच पेट्यांचा भाव पडतो, तेव्हां ज्यानें तळापर्यंत सारखीं फळें भरिलीं त्याच्या घामाचे पैसे आपण खातों. नागपुरी संत्र्याच्या नांवास २०१४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. तें नांव सर्व बागाइतदारांचें सामाईक धन आहे, आणि खालचा थर तें खर्ची घालतो. आमोस संदेष्टा स्वतः उंबराच्या झाडांची निगा राखणारा मनुष्य होता. धान्याबरोबर भुसकट विकणाऱ्यांवर तो इतका कां संतापला, हें फळें विकणाऱ्यांस तरी समजावें.

लिहितां लिहितां आम्हांस आमचा वार्षिक अहवाल आठवला. त्यांत बाप्तिस्मे वर, आणि उपासनेस येणें सोडिलेलीं कुटुंबें तळाशीं. उपदेशक बंधूंनो, ही पेटी आपणही भरितों.

आमचें बोलणें ऐकून तो भाऊ म्हणाला, "साहेब, पण तोटा कोण भरणार?" तोटा खरा आहे, आणि ज्याच्या डोक्यावर सोसायटीचें कर्ज आहे त्यास तो लहान नाहीं. आम्हांस महिन्याचें वेतन मिळतें. तेव्हां तो हलका म्हणण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. तरी त्यानें मोठीं व लहान फळें निरनिराळ्या पेट्यांत भरिलीं, आणि लहान फळांच्या पेट्यांवर कोळशानें 'लहान' असें लिहिलें. सर्व पेट्या मिळून त्यास शेजाऱ्यापेक्षां कमी पैसे आले. मृगबहाराचीं फळें फेब्रुवारी-मार्चांत निघतील. तेव्हां तो कशा पेट्या भरील, हें विचारण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं.