ओठ त्याचे, शब्द कुणाचे?

दुसऱ्याच्या तोंडी आपले शब्द घालणे वाईट, असे लहानपणापासून आपल्याला शिकवतात. मोठेपणी कळते की या वाईट कामाचा एक सभ्य धंदाही आहे आणि त्याला डबिंग म्हणतात.

शेरखानचेच पाहा. वाघ मध्य प्रदेशातल्या सिवनीकडचा. त्याची गोष्ट लिहिणारे किपलिंगसाहेब जन्माने मुंबईकर, पण लिहिणार इंग्रजीत. १९८९ साली तिची कार्टून मालिका काढली जपान्यांनी. नव्वदच्या दशकात ती दूरदर्शनवर हिंदीत आली, तेव्हा या वाघाला आवाज दिला मुरूड-जंजिऱ्याच्या नाना पाटेकरांनी. आता मला सांगा, डरकाळी नेमकी कुणाची? मी पडलो वाणिज्य शाखेचा पदवीधर. ही डरकाळी कुणाच्या खात्यावर जमा धरायची, याचा ताळा मला अजून जमलेला नाही.

अमेरिकनांचे काम तर याहून अवघड. ओसामू तेझुकांचा यंत्रमानव पोरगा १९६३ साली जपानी दूरचित्रवाणीवर अवतरला आणि त्याच वर्षी अमेरिकेत जाऊन फाडफाड इंग्रजी बोलू लागला. घरचे नाव ‘आटोमु’. तिकडे त्याचा ‘ॲस्ट्रो बॉय’ झाला. परक्यांनी परस्पर बारसे उरकले, ते एक वेळ सोडून देऊ. खरी अडचण क्रियापदाची. जपानीत ते मराठीसारखेच वाक्याच्या शेवटी बसते. ‘तुमचे कर्ज मंजूर...’ एवढे बोलून साहेब चहाचा घोट घेतात आणि अर्जदाराचा जीव त्या घोटात अडकतो. ‘होणार नाही’ हे मागाहून येते. इंग्रज माणूस ‘नाही’ आधीच सांगून मोकळा होतो. म्हणजे मूळ पात्राने वाक्यभर मुठीत धरलेले गुपित इंग्रजीत सुरुवातीलाच फुटते!

शिवाय हे सगळे ओठांच्या मापात बसवायचे. चित्र आधीच काढलेले असते; त्याचे तोंड मिटले की तुमचेही मिटले पाहिजे. जपानी कार्टूनवाले तोंडाच्या बहुधा तीनच अवस्था काढतात: मिटलेले, अर्धे उघडे आणि पूर्ण उघडे. (दुपारी जेवणानंतर आमच्या शाखेतही चौथी अवस्था आढळत नाही.) आता समजा, अर्थ सांगायला पाच सेकंद लागतात आणि तोंड दोनच सेकंदांत मिटते. मग इमान कुणाशी राखायचे, ओठांशी की अर्थाशी?

कुणी म्हणेल, सुरगाण्यात बसून जपानी कार्टूनांची ही उठाठेव कशाला? अहो, सुरगाण्यात दिवसभर दुसरे चालते काय? वरून पत्रक येते ते इंग्रजीत. साहेब ते मराठीत बोलतात. समोरचा माणूस घरी कोकणी बोलणारा. ही कोकणी गोव्याची नव्हे, इथल्या डोंगरातल्या कोकणा लोकांची. म्हणून तिसरा आवाज आमच्या शिपाईमामांचा.

मध्यंतरी एक बाई दिराच्या कर्जाला जामीन राहायला आली. कागदावर बारीक अक्षरात तीन परिच्छेद इंग्रजी. साहेबांनी त्याचे मराठी केले, “इथं अंगठा द्या.” ओठांचे माप अगदी बरोबर! मामांनी मात्र कोकणीत सुरुवात केली. दिराने पैसे नाही भरले तर तुला भरावे लागतील, तुझ्या नावावरचे जातील, बँक तुझ्या दारी येईल, घरी विचारून ये. साहेबांचे तोंड केव्हाच मिटलेले, आवाज आपला चालूच. मागे रांग वाढली. साहेब म्हणाले, “मामा, मी एवढं बोललो?”

“तुम्ही नाही साहेब,” मामा म्हणाले, “कागद बोलला.”

बाई शाई न लावताच परत गेली. स्टुडिओत असले डबिंग कुणी पास केले नसते.

मामांना एवढे बळ कुठून आले, याचा मी विचार केला. आमच्या भागात बोहाडा होतो. गणपती, रावण अशी मुखवट्यांची सोंगे संबळाच्या तालावर नाचतात. लोक देवाला हात जोडतात, पण मुखवट्याआड कोण आहे हे अख्ख्या गावाला ठाऊक असते. उद्या बाजारात त्याच माणसाशी गाठ असते. मामांचेही तसेच. त्या बाईला बँक ठाऊक नव्हती, मामा ठाऊक होते. अंगठा उठला असता तो मामांच्या शब्दावर.

डबिंगवाल्याला हे भाग्य कमीच. जपानमध्ये नोबुयो ओयामा बाईंनी १९७९ ते २००५ डोरेमॉनला आवाज दिला आणि तिथे त्यांचे नाव झाले. आपल्याकडे पोरांना मांजर ओळखीचे, त्यातून बोलणारे माणूस नाही. त्या बिचाऱ्यांची नावे शेवटच्या पाटीवर आलीच, तर जीएसटीच्या नियमांसारखी झरझर वर सरकतात. ती जरा सावकाश सरकवावीत असे मला वाटते. मान मिळेल हे तर झालेच. पण आपल्या आवाजावर कुणीतरी अंगठा देते, ही आठवणही राहील.