खाण तशी माती?

गेल्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील एक निःसंतान दांपत्य आमच्याकडे आले. एक तान्ही अनाथ मुलगी दत्तक घ्यावी, असे दोघांच्या मनात होते. घरच्या आजीबाईंचा मात्र विरोध होता. "फादर, कुणाचे रक्त कोण जाणे! खाण तशी माती," असे त्यांचे म्हणणे. 'प्रार्थना करा, मार्ग दिसेल,' एवढे सांगून आम्ही त्या दांपत्याची बोळवण केली. प्रश्न त्यांनी आम्हांला विचारला होता आणि आम्ही तो टाळला, ही टोचणी अजून गेलेली नाही.

आजीबाईंच्या म्हणीला आता विज्ञानाचाच आधार आहे, असे पुष्कळ सुशिक्षितांना वाटते. ते 'रक्ता'ऐवजी 'जनुक' म्हणतात, इतकेच. जनुकांचे सामर्थ्य आम्ही नाकारीत नाही. आनुवंशिकतेचे नियम १८६६ साली प्रसिद्ध करणारे ग्रेगोर मेंडेल हे ऑगस्टिनियन संन्यासीच होते. जनुकातील एकाच अक्षराच्या फरकाने सिकलसेलसारखा आजार पिढ्यान्‌पिढ्या चालत येतो, हेही सत्य आहे.

परंतु सत्य तेथेच संपत नाही. यकृताच्या आणि डोळ्याच्या पेशींत जनुके तीच असतात. तरी एक पित्त तयार करते, तर दुसरी प्रकाश टिपते. कोणते जनुक वाचावयाचे आणि कोणते मिटून ठेवावयाचे, हे त्या पेशीच्या अवस्थेवर आणि तिला भोवतालून मिळणाऱ्या संकेतांवर ठरते. जनुके म्हणजे पाककृतींची वही. वही आपण होऊन चुलीवर चढत नाही. आणि वहीवाचून हातही आंधळेच.

डिसेंबर २००१ मध्ये अमेरिकेतील टेक्सास येथे शास्त्रज्ञांनी एका तिरंगी मांजरीच्या पेशीपासून तिची प्रतिकृती जन्मास घातली. जनुके आईचीच, पण पिलाच्या अंगावर भगवा रंग उतरलाच नाही! मांजरीत हा रंग ज्या एक्स गुणसूत्रावर अवलंबून असतो, तशी दोन गुणसूत्रे मादीच्या पेशीत असतात. पैकी एक गर्भावस्थेतच निद्रिस्त होते. कोठे हे, तर कोठे ते. म्हणून वही तीच असूनही अंगावरील नक्षी निराळी झाली.

मांजरीच्या रंगाचे जर असे, तर माणसाच्या शीलाचे भविष्य जन्मदात्यांच्या रक्तावरून वर्तविण्याचा अधिकार आम्हांला कोणी दिला? अर्थात, 'जनुक नव्हे, तर पेशीच सर्व काही ठरविते,' असे म्हणणे म्हणजे जुनी खाण सोडून नवी खाण शोधणे होय. पोटभर अन्न, मायेचा स्पर्श, कानी पडणारी बोली यांनीही बाळ घडते. आणि पुढे ते स्वतः निवड करू लागते. त्या निवडीचा हिशेब कोणत्याही वहीत आधी लिहिलेला नसतो.

संत मत्तय आपल्या शुभवर्तमानाच्या आरंभी येशूची वंशावळ देतात. ती अब्राहामापासून दाविदामार्गे योसेफापर्यंत येते. आणि योसेफ तर येशूचे पालक पिता! दाविदाचे कूळ तेथे रक्ताने नव्हे, स्वीकाराने पुढे गेले.

त्या दांपत्याला आम्ही पुन्हा बोलाविले आहे. मूल मनासारखे निघेल, अशी हमी आम्ही देणार नाही. तशी हमी पोटच्या पोराचीही कोणास मिळाली आहे? आजीबाईंनाही सोबत आणा, असा निरोप धाडला आहे.