जमत नसेल तर…

आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १२ वा, श्लोक ८ ते १२



भगवंत अर्जुनाला आधी मोठं काम सांगतात. मन माझ्यात ठेव, बुद्धी माझ्यात ठेव. आणि अर्जुन काही बोलायच्या आतच पुढचंही सांगून टाकतात : हे जमत नसेल तर अभ्यास कर. अभ्यासही झेपत नसेल तर जे करतोस ते माझ्यासाठी कर. तेही होत नसेल तर फळाची आशा सोड. एक नाही, तीन पर्याय! देवालाही ठाऊक आहे, माणसाचं पहिलं ठरलेलं फसतं.

माउली तर इथं आणखी खाली उतरून आपला हात धरतात. अख्खं मन देता येत नाही ना, मग आठ प्रहरांतला एक क्षण दे, म्हणतात. पौर्णिमेनंतर चंद्र रोज थोडा थोडा कमी होतो, तसं मन विषयांतून हळूहळू निघेल.

आमच्या मंगळवार पेठेत हे कुणाला वेगळं शिकवायला नको. आषाढीत कुणाची भाताची लागण असते, कुणाचं दुकान, कुणाच्या घरी आजारी माणूस. पंढरपूर गाठणं होत नाही. मग मिरजकर तिकटीच्या विठ्ठल मंदिरापासून नंदवाळची दिंडी धरायची, पुईखडीला रिंगण बघायचं आणि प्रतिपंढरपुरात माथा टेकायचा. २०२० साली तर खुद्द माउली-तुकोबांनाच दुसरी वाट धरावी लागली. कोरोनामुळं पायी वारी नाही. ३० जूनला आळंदीहून आणि देहूहून पादुका एसटीनं निघाल्या, दुसऱ्या दिवशी एकादशी. टीव्हीवर ते बघून आई म्हणाली होती, "एसटीनं का हुईना, गेली न्हवं माउली."

यंदा आईचीच पाळी आली. बरीच वर्षं ती नंदवाळला चालत जायची. गुडघे इतके सुजले की डॉक्टरांनी चालणं बंद केलं. मी म्हटलं, गाडीनं नेतो. ती नको म्हणाली. मी चिडलो. "मग बस घरात," असं बोलून गेलो. चार दिवस घरात धड बोलणं नव्हतं. तो शब्द अजून टोचतो.

एकादशीला पहाटे म्हणाली, "मला तिकटीपत्तोर सोड." हातात राजगिऱ्याच्या लाडवांची पिशवी. दिंडीच्या वाटेला कडेला स्टूल टाकून बसली आणि येईल त्याच्या हातावर लाडू ठेवत राहिली. पाऊस भुरभुरत होता. जुन्या सोबतीणींतली एक थांबली, "मावशी, येत न्हाईसा?" आई म्हणाली, "यंदा न्हाई. माझा नमस्कार सांगा तिकडं."

आईनं गीता कधी वाचलेली नाही. दहावा श्लोक माझ्यासमोर स्टुलावर बसला होता.

एक मात्र सांगतो. भगवंत 'जमत नसेल तर' म्हणतात, 'कंटाळा आला तर' म्हणत नाहीत. दुकानामुळं हरिपाठ होत नाही, असं मी वर्षभर सांगतो आणि गिऱ्हाईक नसलं की मोबाईल बघत बसतो. माझ्यासारख्यासाठी हे पर्याय नाहीत. आईनं आधी पायऱ्या उतरून बघितल्या होत्या, दोनदा खाली बसली, मग पिशवी भरायला घेतली.

आणि शेवटचा पर्याय, फळ सोडण्याचा, तो मला सोपा वाटायचा. बाराव्या श्लोकात त्यानं लगेच शांती मिळते असं म्हटलंय, म्हणून बहुधा. पण त्या सकाळी आई शांत होती आणि मी नव्हतो. तिची वारी हुकली होती, माझी तर नुसती गाडीची कल्पना. तरी मी मनात धरून बसलो होतो, की गाडीनं आली असती तर आत्ता नंदवाळात असती.

शेवटचा टाळ वळणाआड गेला. आईनं रिकामी पिशवी घडी घालून कमरेला खोचली.

"चल, घरात च्या ठेव," म्हणाली. "आन् तू लाडू खाल्लास का?"