ग्रानादाचे प्राध्यापक मंत्रिमंडळात

१४ एप्रिल १९३१ रोजी स्पेनमध्ये प्रजासत्ताकाची घोषणा झाली आणि त्याच रात्री राजा तेरावा आल्फोन्सो राजधानी सोडून निघाला. दुसऱ्याच दिवशी नव्या सरकारने १९२८ ची दंडसंहिता रद्दबातल ठरवली. तिच्यात चांगले किती आणि वाईट किती, याचा काथ्याकूट कोणी करत बसले नाही. प्रिमो दे रिव्हेराच्या हुकूमशाहीने ती संसदेला बाजूला सारून लादली होती, एवढे कारण पुरेसे होते. न्यायखाते हाती आलेले फेर्नांदो दे लोस रिओस हे ग्रानादा विद्यापीठातले राज्यविषयक कायद्याचे प्राध्यापक. तीन आठवड्यांपूर्वीपर्यंत ते माद्रिदच्या मोदेलो तुरुंगात होते.

राजेशाहीविरुद्धच्या क्रांतिकारी समितीचे सदस्य म्हणून लष्करी न्यायालयापुढे खटला चालला, तेव्हा त्यांचे सहआरोपी आल्व्हारो दे आल्बोर्नोस यांचे वकीलपत्र विक्तोरिया केंत या तरुण वकील बाईंनी घेतले होते. लष्करी न्यायालयात बाजू मांडणारी स्पेनमधली ती पहिली स्त्री. दे लोस रिओस न्यायमंत्री झाले आणि देशातल्या सगळ्या तुरुंगांचा कारभार केंतबाईंकडे आला. त्यांनी कैद्यांच्या बेड्या काढायला लावल्या. एकोणिसाव्या शतकात कैद्यांसाठी झगडलेल्या कोन्सेप्सिओन आरेनाल यांचा पुतळा त्या बेड्या वितळवून घडवण्यात आला. त्याच एप्रिल महिन्यात नोटरी आणि मालमत्ता-निबंधक या पदांची दारे स्त्रियांना खुली झाली. छोट्या कुळांना जमिनीवरून हुसकावण्यास मनाई करणारा हुकूमही तेव्हाचाच.

दे लोस रिओस यांचा जन्म १८७९ सालचा, अंदालुसियातल्या रोंदा गावचा. नात्यातले थोर पुरुष फ्रान्सिस्को हिनेर दे लोस रिओस हेही रोंदाचेच. चर्चच्या मताला आणि राजसत्तेला सोयीचे तेवढेच शिकवा, हा सरकारी फतवा झुगारणाऱ्या प्राध्यापकांनी १८७६ मध्ये एक मुक्त शिक्षणसंस्था काढली. हिनेर तिचे संस्थापक. पाठांतर नाही, परीक्षेची दहशत नाही, मुलांना डोंगर आणि संग्रहालये दाखवत शिकवायचे, अशी ही शाळा. फेर्नांदो तिच्याच छायेत वाढले आणि हिनेर घराण्यातल्याच ग्लोरिया यांच्याशी त्यांनी लग्न केले. पुढे जर्मनीत मारबुर्गला हेर्मान कोहेन आणि नाटोर्प या कांटवादी तत्त्वज्ञांच्या सहवासात त्यांचा समाजवाद पक्का झाला. माणूस हा कोणाच्याही हेतूचे साधन होता कामा नये, या नैतिक आग्रहातून तो आला होता. वर्गयुद्ध हा त्याचा पाया कधीच नव्हता. १९११ मध्ये ग्रानादात अध्यापन सुरू झाले, १९१९ मध्ये समाजवादी पक्षात प्रवेश झाला आणि त्याच वर्षी ते संसदेत पोहोचले.

त्यांच्या कारकिर्दीची कसोटी मात्र मॉस्कोत लागली. रशियन क्रांतीने युरोपातले कामगार भारावून गेले होते. मॉस्कोप्रणीत कम्युनिस्टांच्या तिसऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेत जायचे की नाही, यावरून स्पॅनिश समाजवादी पक्षात दोन तट पडले होते. स्वतःच्या डोळ्यांनी पाहून या, असे सांगून पक्षाने १९२० मध्ये दानिएल आंगिआनो आणि दे लोस रिओस यांना रशियाला धाडले. तिथे लेनिनची भेट झाली. हा संक्रमणाचा काळ संपून वृत्तपत्रांना, संघटनांना, माणसांना पूर्ण स्वातंत्र्य कधी मिळणार, असे प्राध्यापकांनी विचारले. आपण स्वातंत्र्याची भाषा कधी केलीच नव्हती, असे लेनिनने सांगितले आणि ते हवे तरी कशासाठी, असा उलट सवाल टाकला. दे लोस रिओस यांनी परतल्यावर प्रसिद्ध केलेल्या प्रवासवृत्तामुळे हा सवाल युरोपभर गेला.

आंगिआनो प्रवेशाच्या बाजूने बोलले, दे लोस रिओस विरोधात. एप्रिल १९२१ च्या अधिवेशनात विरोधकांना सुमारे ८,८०० मते पडली, समर्थकांना ६,०००. हरलेल्यांपैकी अनेक जण बाहेर पडले आणि त्यांनी कम्युनिस्ट पक्ष काढला. रशियातली उपासमार आणि बाहेरून झालेली नाकेबंदी दे लोस रिओस यांनी पाहिली होती, तिथल्या लोकांविषयी त्यांना कणव होती. तरीही त्यांनी लेनिनचा युक्तिवाद मानला नाही. माणसाला मोकळे करायचे तर अर्थव्यवस्थेला वेसण घालावी लागेल, पण माणसाच्या विवेकाला वेसण घालण्याचा अधिकार कोणालाच नाही, हा विचार १९२६ च्या त्यांच्या समाजवादावरील पुस्तकाचा कणा आहे. शंभर वर्षांनंतरही ही भूमिका पुरेशी गांभीर्याने घेतली जात नाही, याची खंत वाटते.

आणि इथेच त्यांच्या मंत्रिपदातला पेच सुरू होतो. विवेकाचे स्वातंत्र्य मानणारा माणूस चर्चशी कसा वागतो? मे १९३१ मध्ये धर्मस्वातंत्र्याचा हुकूम निघाला. त्याआधी काही दिवस माद्रिदसह अनेक शहरांत मठ आणि चर्च जाळले गेले होते आणि सरकार वेळेवर उभे राहिले नव्हते. ऑक्टोबरमध्ये नव्या राज्यघटनेचे धर्मविषयक कलम चर्चेला आले. ८ तारखेला दे लोस रिओस बोलले. समोरच्या कॅथलिक सदस्यांना त्यांनी आठवण करून दिली, की स्पेनमध्ये आणखी एक परंपरा आहे: सोळाव्या शतकातल्या इरॅस्मसच्या अनुयायांची, ज्यांचा आवाज धर्मन्यायालयाने दडपला. आपण तिचे वारस आहोत; आपण कॅथलिक नाही ते धर्म नको म्हणून नव्हे, अधिक धार्मिक व्हायचे आहे म्हणून, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. शतकानुशतकांची जखम उघडी करताना त्यांच्या सुरात सूड नव्हता.

मंजूर झालेले कलम, पुढे सव्विसावे, मात्र कठोर निघाले. चर्चला मिळणारे सरकारी अनुदान जास्तीत जास्त दोन वर्षांत बंद, जेझुइट संघ बरखास्त, धार्मिक संघांना शिक्षणबंदी. कॅथलिक असलेले पंतप्रधान आल्काला-सामोरा आणि गृहमंत्री माउरा यांनी राजीनामे दिले. अनुदान थांबवणे न्याय्य होते. पण शाळा चालवणाऱ्या जोगिणींना शिकवण्यासच बंदी करणे हे विवेकस्वातंत्र्याच्या भाषेत बसवणे अवघड होते, आणि दे लोस रिओस यांच्यासारख्या कायदेपंडिताला ते जाणवले नसेल, हे संभवत नाही. चर्चच्या वर्गखोल्यांत पिढ्यान्‌पिढ्या जे शिकवले गेले त्यावर तोड म्हणून बहुमताने तो मार्ग धरला. प्रजासत्ताकाला हवे असलेले कितीतरी श्रद्धाळू, मध्यममार्गी लोक त्यामुळे दुरावले. ही किंमत फार मोठी होती.

डिसेंबर १९३१ मध्ये ते शिक्षणमंत्री झाले. देशाला २७,००० नव्या प्राथमिक शाळा लागतील, असा प्रजासत्ताकाचा हिशेब होता: पहिल्या वर्षी ७,०००, नंतर दरवर्षी ५,०००. मंदीच्या काळात, तुटपुंज्या तिजोरीतून हे साधायचे होते, आणि त्यात धर्मसंघांच्या शाळा बंद झाल्यावर तिथल्या मुलांची सोय कुठे करायची हा प्रश्न वाढला. हा भाग योजनेप्रमाणे पार पडलाच नाही. जून १९३३ मध्ये दे लोस रिओस परराष्ट्रखात्यात गेले, नोव्हेंबरच्या निवडणुकीत उजवे जिंकले आणि शाळाबंदीची अंमलबजावणी थांबली.

जे पार पडले ते मात्र मन भरून यावे असे आहे. मान्वेल कोसिओ यांच्या अध्यक्षतेखालची शैक्षणिक पथके खेचरांवर पुस्तके, ग्रामोफोन, सिनेमाचे यंत्र आणि प्रादो संग्रहालयातल्या चित्रांच्या प्रतिकृती लादून, रस्ता नसलेल्या गावांत जात. पाच-सहा वर्षांत पाच हजारांहून अधिक ग्रंथालये उभी राहिली. सान्तान्देरला उन्हाळी आंतरराष्ट्रीय विद्यापीठ सुरू झाले. माद्रिद आणि ग्रानादात अरबी अभ्यासाच्या संस्था निघाल्या. आणि विद्यार्थ्यांची ‘ला बार्राका’ ही फिरती नाटक मंडळी सरकारी अनुदानावर खेड्यांच्या चौकांत सेर्वान्तेस, लोपे दे व्हेगा सादर करू लागली. तिचा दिग्दर्शक होता फेदेरिको गार्सिया लोर्का.

लोर्का आणि प्राध्यापकांचा स्नेह जुना. ग्रानादाच्या कलाकेंद्रात मुलगा पियानो वाजवत असताना दे लोस रिओस यांनी ऐकले आणि पुढे त्याने माद्रिदच्या विद्यार्थी-निवासात जावे म्हणून त्यांनीच आग्रह धरला. १९२९ च्या जूनमध्ये दोघे एकाच जहाजाने न्यूयॉर्कला गेले. त्याच वर्षी हुकूमशाहीच्या निषेधार्थ काही प्राध्यापकांनी आपापली पदे सोडली, त्यांत दे लोस रिओसही होते. ऑगस्ट १९३६ मध्ये, यादवी युद्धाच्या सुरुवातीलाच, प्रजासत्ताकाविरुद्ध उठलेल्या जनरल फ्रँकोच्या बाजूच्या लोकांनी ग्रानादाजवळ लोर्काला गोळ्या घातल्या. १९६५ चा एक पोलिसी अहवाल २०१५ मध्ये उजेडात आला. त्यात कवीला समाजवादी ठरवण्याचे एक कारण नोंदवले आहे: फेर्नांदो दे लोस रिओस यांच्याशी असलेली जवळीक.

यादवी युद्ध पेटले तेव्हा दे लोस रिओस जिनिव्हात होते. तिथून पॅरिस, मग राजदूत म्हणून वॉशिंग्टन. कायदेशीर सरकारला शस्त्रे विकत घेण्याचा हक्क आहे, हे आंतरराष्ट्रीय कायद्याचे साधे तत्त्व ते अमेरिकेला पटवत राहिले. जानेवारी १९३७ मध्ये अमेरिकन सिनेटने ८१ विरुद्ध ० आणि प्रतिनिधिगृहाने ४०६ विरुद्ध १ मतांनी स्पेनला शस्त्रविक्री बंद केली. जर्मनी आणि इटली दोन्ही मात्र फ्रँकोला विमाने आणि सैनिक पुरवतच होते. १९३९ च्या जानेवारीत अध्यक्ष रूझवेल्ट यांनी मंत्रिमंडळाच्या बैठकीत ही मोठी चूक झाल्याचे मान्य केले, असे मंत्री हॅरॉल्ड इकिस यांच्या रोजनिशीत आहे. तोवर बार्सेलोना पडले होते.

नंतर न्यूयॉर्कच्या ‘न्यू स्कूल’मध्ये अध्यापन आणि १९४५ पासून निर्वासित सरकारचे परराष्ट्रमंत्रिपद. डिसेंबर १९४६ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी सदस्यदेशांना माद्रिदहून राजदूत परत बोलावण्याची शिफारस केली. युद्ध जिंकून सत्तेवर बसलेल्या फ्रँकोला त्याने धक्का बसला नाही. ३१ मे १९४९ रोजी दे लोस रिओस न्यूयॉर्कमध्येच वारले.

चर्च आणि शाळा यांचा पेच मात्र त्यांच्यामागे उरला. फ्रँकोच्या मृत्यूनंतर नव्या राज्यघटनेचा मसुदा सात जण करत होते. त्यांत समाजवादी पक्षाचे ग्रेगोरिओ पेसेस-बार्बा होते, तेही कायद्याचे प्राध्यापक. मार्च १९७८ मध्ये त्यांनी मसुदा समितीतून अंग काढून घेतले. मतभेदाच्या मुळाशी होता शिक्षणात चर्चचे स्थान काय हा प्रश्न. मग तडजोड झाली. घटनेच्या सोळाव्या कलमाने राज्याचा कोणताही धर्म नसल्याचे लिहिले आणि त्याच कलमात कॅथलिक चर्चशी सहकार्याचा उल्लेख ठेवला. जानेवारी १९७९ मध्ये व्हॅटिकनशी झालेल्या करारांनी शाळांत धर्माचा विषय कायम राहिला आणि चर्चला सरकारी मदत चालू राहिली. तो तास मुलांच्या गुणांत धरायचा की नाही, यावर स्पेनच्या संसदेत पुन्हा पुन्हा वाद झाले आहेत.