ताट आणि पाट

माझ्या लहानपणी २४ डिसेंबरच्या संध्याकाळी अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीत आमच्या घरून ताटं निघायची. करंज्या, चकल्या, शंकरपाळे, रव्याचे लाडू, वर केकचे दोन तुकडे आणि त्यावर क्रोशाचा रुमाल. आजी नगर जिल्ह्यातली. तिच्या लेखी नाताळचा फराळ म्हणजे दिवाळीचाच फराळ, केक तेवढा जास्तीचा. केकसाठी घरी मैदा, लोणी, साखर, अंडी फेटायची आणि पातेलं फडक्यात बांधून बेकरीवर न्यायचं. पावांची भट्टी आटोपली की आमची पाळी. भट्टीवाला पत्र्याच्या ट्रेमध्ये मिश्रण ओतायचा आणि अदलाबदल होऊ नये म्हणून प्रत्येक ट्रेवर आडनावाची चिठ्ठी लावायचा. चिठ्ठीची कड करपायची, तिचा वास केकला यायचा. आजही तो वास आला की मला नाताळ वाटतो.

ताटं पोचवायचं काम माझ्याकडे असे. शेजारच्या काकू हसत ताट घ्यायच्या, रिकामं परत देऊ नये म्हणून त्यात साखर किंवा दोन केळी ठेवायच्या. सगळं मनापासून होतं. पण एक गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली. आमच्या जिन्यातलं कुणी २५ तारखेला आमच्याकडे जेवायला बसलेलं मला आठवत नाही. बसायचे ते वडिलांचे एक सिंधी मित्र. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या माणसांना कल्याणच्या लष्करी छावणीतल्या बराकींत ठेवलं होतं, त्याच छावणीचं १९४९ साली उल्हासनगर झालं. हे काका त्या बराकीत वाढलेले. बोलावण्याची वाट न बघता ते बायकोमुलांसह यायचे, मांडी घालून बसायचे आणि मटणाचा रस्सा दुसऱ्यांदा मागून घ्यायचे. त्यांनी वाटी पुढे केली की आईचा चेहरा जसा उजळे, तसा शंभर ताटं परत आली तरी उजळला नसता.

ताट पाठवणं आणि पाट मांडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ताट उंबऱ्यावरून जातं, माणूस जात नाही. फराळ डब्यात ठेवता येतो, नंतर खाता येतो, कामवाल्या बाईला देताही येतो. पाटावर बसलेल्या माणसाला मात्र समोरच्याच्या हातचं, समोरच्याच्या भांड्यातलं, समोरच्याच्या देखत खावं लागतं.

मराठी समाजाला हा फरक पक्का ठाऊक आहे. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये गोपाळराव जोशींच्या खटपटीने शहरातली मोठी माणसं जमली. समोर चहा-बिस्किटं आली. पुढे पाहुण्यांची नावं ‘पुणे वैभव’ या वृत्तपत्रात छापून आली आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक दोघांनाही प्रायश्चित्ताच्या वाटेने जावं लागलं. कारण काय, तर ख्रिस्ती लोकांकडचा एक कप चहा. लक्ष्मीबाई टिळकांची गोष्ट याच काळातली. त्यांचे पती नारायण वामन १८९५ साली ख्रिस्ती झाले. पुढे लक्ष्मीबाई त्यांच्याकडे राहायला आल्या, तरी काही काळ त्यांनी स्वयंपाकपाणी वेगळं सांभाळलं. एकाच घरात, नवराबायकोत. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याआधीची त्यांची खरी झुंज स्वयंपाकघरात झाली, हे त्यांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला सांगायला नको.

आता मी बदलापूरला राहते. आमच्या इमारतीत गिरणगावातून, डोंबिवलीतून, खानदेशातून, केरळातून आलेली कुटुंबं आहेत. वरच्या मजल्यावरच्या मल्याळी घरी नाताळच्या सकाळी अप्पम आणि स्ट्यू असतो, वसईकडच्या मैत्रिणीकडे इंद्याल. आमचा नगरी रस्सा यांच्यात परकाच, म्हणजे ख्रिस्ती ख्रिस्त्याकडे जेवतो तेव्हाही जीभ बदलावी लागते. विटाळ आज कुणी तोंडाने उच्चारत नाही. जेवायला का येत नाही असं विचारलं, तर शेजारी म्हणतात, “तुमच्याकडे नॉनव्हेज असतं ना, म्हणून.” हे कारण मी खोटं मानत नाही. मांसाचा वास सहन न होणारी माणसं असतात, त्यांचा मान राखलाच पाहिजे. म्हणून गेली काही वर्षं आमच्याकडे २५ तारखेला मटारचा पुलाव, वांग्याची भाजी आणि बिनअंड्याचा केक वेगळा होतो. या पदार्थांचं पातेलं वेगळं, पळीही वेगळी.

माझ्या भावाला हे पटत नाही. आपल्याच घरात, आपल्याच सणाला वेगळी पळी ठेवणं म्हणजे जुनंच सोवळं मागल्या दाराने घेणं, असं तो म्हणतो. मला यात फरक दिसतो. पळी पदार्थासाठी वेगळी असेल तर तो पाहुणचार. पळी माणसासाठी वेगळी असेल तर ती अस्पृश्यता. ओळखायची खूणही सोपी आहे: वेगळ्या पातेल्यातला पुलाव घेऊन पाहुणा आमच्याच पंगतीत, रस्सा वाढलेल्या ताटाशेजारी बसतो की नाही? बसला, तर पळीचं मला काही वाटत नाही.

नुसत्या सहभोजनाने जात जात नाही, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच बजावलं आहे. ते खरं आहे आणि एका दुपारच्या जेवणावर मी तेवढं ओझं टाकत नाही. पण जी पायरी त्यांना अपुरी वाटली, तीही आमच्या जिन्यात अजून चढून व्हायची आहे. इमारतीच्या हॉलमध्ये केटररकडून जेवण मागवून सगळे सण ‘एकत्र’ साजरे करण्याची नवी पद्धत आली आहे. तिला माझा विरोध नाही, पण तिथे कुणीच कुणाच्या घरी जात नाही.

दोन वर्षांपूर्वी समोरच्या दारातल्या आजी पहिल्यांदा आल्या. पुलाव घेतला, केक घेतला, मग स्वयंपाकघरात येऊन ओट्यावरचा गाळलेला चहा स्वतःच कपात ओतून घेतला. मी “असू द्या, मी देते,” म्हणेपर्यंत एक घोट घेऊनही झाला होता.

तुमच्या शेजारी नाताळ होत असेल आणि त्यांनी जेवायला बोलावलं, तर फराळाच्या ताटावर भागवू नका. जा आणि बसा. जेवण जमणार नसेल तर तसं मोकळेपणाने सांगा, पण चहा त्यांच्या घरात बसून घ्या. आणि माझ्या ख्रिस्ती भावाबहिणींनो, ताटं जरूर पाठवा, पण ताटाबरोबर जेवणाचं आमंत्रणही द्या. एक वाजता पानं मांडणार आहोत, हे दारात उभं राहून सांगा.