चोखोबांचा व्यवसाय कोणता?

बुलढाणा जिल्ह्यात नावामागे ‘राजा’ लावणारी गावं बरीच आहेत. सिंदखेड राजा, देऊळगाव राजा, पिंपळगाव राजा, मेहुणा राजा. यातलं मेहुणा राजा हे संत चोखोबांचं जन्मगाव मानलं जातं. चोखोबांच्या वाट्याला आलेलं काम होतं मेलेली ढोरं ओढण्याचं आणि वेठबिगारीचं. मंगळवेढ्याच्या गावकुसाचं बांधकाम चालू असताना भिंत कोसळली आणि १३३८ साली तिच्याखाली त्यांचा अंत झाला, असं परंपरा सांगते.

आता समजा, आजच्या सरकारी यादीत चोखोबांची नोंद करायची आहे.

ही यादी म्हणजे केंद्रीय श्रम मंत्रालयाचं राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरण. १९५८ साली ते तयार झालं. पुढे १९६८, २००४ आणि २०१५ मध्ये नव्याने बेतलं गेलं. २०१५ची आवृत्ती आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २००८च्या वर्गीकरणावर आधारलेली आहे. नऊ विभाग, सुमारे ३,६०० व्यवसाय, प्रत्येकाला आठ अंकी संकेतांक. पहिल्या चार अंकांवरूनच कामाचा गट कळतो. गोरोबांचं कुंभारकाम ७३१४मध्ये, नरहरी सोनारांचं सोनारकाम ७३१३मध्ये, सेना महाराजांचं न्हावीकाम ५१४१मध्ये. चोखोबा मात्र दोन ठिकाणी सापडतात. बांधकाम मजूर म्हणून ९३१३ आणि अभंगकर्ते म्हणून २६४१, म्हणजे लेखक-कवींचा गट. यातला खरा कोणता? देशाच्या श्रमबल सर्वेक्षणाचा नियम असा, की ज्यात जास्त वेळ गेला ते मुख्य काम. चोखोबांचा वेळ ढोरं ओढण्यात आणि दगड वाहण्यात गेला. पण तो वेळ त्यांचा नव्हताच. वेठीला धरणाऱ्याने हिरावलेल्या दिवसांवरून माणसाची ओळख ठरवायची का?

संत सावता माळी मळ्यातल्या कामातच विठ्ठलाला भेटले, हे आपण कौतुकाने सांगतो. ते कौतुक रास्तच आहे. मात्र तोच धागा धरून चोखोबांनाही तुमच्या कामात देव पाहा असं सांगणं क्रूरपणाचं होईल. लादलेल्या श्रमाला पूजा म्हणणं म्हणजे अन्यायाला सोवळं नेसवणं. चोखोबांनी देव त्या कामात शोधला नाही. त्या कामाने ज्या देवळाचं दार बंद केलं, त्या दाराशी उभं राहून त्यांनी देवालाच जाब विचारला. त्यांची पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मुलगा कर्ममेळा, मेहुणा बंका हे सगळेच अभंग रचत होते. हे अख्खं घर एका संकेतांकात मावत नाही.

त्रिंबक नारायण आत्र्यांनी १९१५ साली ‘गांव-गाडा’ लिहून जी बलुतेदारी मांडली, तीही व्यवसायांचीच व्यवस्था होती. पण तिथे काम जन्माने मिळे. जातिव्यवस्था श्रमाची नव्हे तर श्रमिकांचीच विभागणी करते, हे डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली दाखवून दिलं. आजच्या वर्गीकरणाचं मोठेपण इथे आहे. ते कामाची प्रतवारी करतं, माणसाची करत नाही. चपला शिवणाऱ्याला ७५३६ हा आकडा मिळतो आणि त्या आकड्याला आडनाव विचारण्याची सोय नाही.

तरीही काम कशाला म्हणायचं, हा गुंता उरतोच. पिंपळगाव राजाच्या शिवारात कापूस फुटला की बायका ओटी बांधून वेचणीला जातात. वाळक्या बोंडांनी बोटं ओरखडतात, मजुरी किलोवर मिळते. यातल्या कित्येकींचं एखाद-दुसरं एकर वावर असतं. त्यातलं निंदण-खुरपण त्यांच्याच अंगावर. स्वतःच्या वावरात ती शेतकरी, ६१११. शेजारच्या धुऱ्यापलीकडे शेतमजूर, ९२११. आणि कुणी विचारलं, तर ‘घरीच असते’. मग श्रमबल सर्वेक्षणाच्या वेगळ्या संकेतांकांत तिच्यापुढे ९२ हा आकडा पडतो, म्हणजे फक्त घरकाम. २००१च्या जनगणनेने गृहिणींना भिकारी आणि कैद्यांच्या रांगेत बसवलं, यावर सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली कडक शब्दांत नाराजी नोंदवली होती.

२०१३मध्ये जिनिव्हात जमलेल्या श्रम सांख्यिकीतज्ज्ञांनी कामाची व्याख्या रुंदावली. घरचा स्वयंपाक आणि बिनपगारी सेवाही काम ठरली. मोबदल्यासाठी केलेलं तेवढं रोजगार. त्यामुळे शेगावला गजानन महाराजांच्या मंदिरात पत्रावळी उचलणारा सेवेकरी आता कामकरी आहे. कसोटी अशी, की जे आपल्याऐवजी दुसरा करू शकतो ते काम. झोप दुसरा घेऊ शकत नाही, म्हणून ती काम नाही. नामस्मरणही याच कसोटीने बाहेर पडतं, आणि ते योग्यच आहे. आपल्या वतीने दुसऱ्याने नाम घेतलं तर ते कुणाचं?

२०२७च्या जनगणनेत जात विचारली जाणार आहे आणि व्यवसायही. दोन्ही रकाने शेजारी ठेवले, तर गटाराशी आणि मेलेल्या जनावरांशी आजही कुणाला बांधून ठेवलं आहे, ते आकड्यांत दिसेल. त्यासाठी कामाची नोंद बारकाईने व्हायला हवी आणि ती तशीच प्रसिद्धही व्हायला हवी. नुसतं ‘मजूर’ लिहून प्रगणक पुढच्या घराकडे वळला, तर खामगावच्या बाजार समितीतला हमाल, ९३३३, आणि रस्ते झाडणारा सफाई कामगार, ९६१३, एकाच ओळीत मिसळून जातील.