वाढीला थकबाकी नसते

परदेशीपुरा, इंदूर

चि. बाळू व सौ. सूनबाई,

पिथमपूरला तुझ्या कारखान्यात ओव्हरटाइम बंद झाला, पाळ्याही कमी झाल्या, हे कळलं. धाकट्याच्या लशीचं ‘पुढच्या पगाराला बघू’ म्हणालास, म्हणून हे पत्र.

आमच्या या मिलवस्तीनं पडता काळ जवळून पाहिला आहे. डिसेंबर 1991 मध्ये हुकुमचंद मिल बंद पडली आणि 5,895 कामगारांची कमाई थांबली. त्यांचे 224 कोटी रुपये मोकळे व्हायला डिसेंबर 2023 उजाडला. मजुरीची थकबाकी बत्तीस वर्षांनी का होईना, मिळाली. मुलांच्या वाढीची थकबाकी अशी वसूल होत नाही. पहिल्या दोन वर्षांत जे पोटात गेलं नाही, ते पुढे पैसा आला तरी पुरतं भरून निघत नाही.

तंगीत कुणी ठरवून मुलांच्या तब्येतीला कात्री लावत नाही. ताप चढला तर कर्ज काढूनही आपण धावतो. कपात होते ती लगेच न दिसणाऱ्या ठिकाणी: डोस लांबतो, औषधाचा कोर्स अर्ध्यावर सुटतो, डाळ पातळ होते, चष्मा राहून जातो. आणि पोरीचं आधी राहतं. सोनिया भालोत्रा या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी 2010 मध्ये दाखवून दिलं, की आपल्याकडे मंदीत खेड्यांतले बालमृत्यू वाढतात, आणि त्याची झळ मुलींना अधिक बसते. अशा वेळी आया मजुरीला जुंपल्या जातात आणि दवाखाना मागे पडतो. म्हणून तुमच्या छकुलीच्या वाटीवर तुमचं दोघांचं लक्ष हवं.

आता काय करायचं ते सांगते. खाजगी दवाखान्यातली लस परवडत नसेल तर ती लांबवू नका, जागा बदला. सरकारी केंद्रात पेंटाव्हॅलेंट, रोटाव्हायरस, न्यूमोकोकल, गोवर-रुबेला या लशी मोफत मिळतात. एखादा डोस चुकला असेल तर बहुतेक लशी पहिल्यापासून घ्याव्या लागत नाहीत. कार्ड घेऊन जा, राहिलेलं तिथून पुढे देतात. वर्षाच्या आतलं बाळ आजारी पडलं तर सरकारी रुग्णालयात उपचार, औषधं, तपासण्या मोफत आहेत. इंदुरात एम. वाय. रुग्णालयाच्या आवारात मुलांसाठी चाचा नेहरू रुग्णालय आहे. जुलाब लागले तर ओआरएस आणि झिंकच्या गोळ्या, त्याही चौदा दिवस पूर्ण. ईएसआयचं कार्ड असेल तर त्याचा लाभ कोणत्या तारखेपर्यंत आहे, ते आत्ताच विचारून ठेव. नोकरीचं काही झालं तरी भरलेल्या वर्गणीवर काही काळ उपचार मिळतात.

सरकारी रांगेत उभं राहण्यात कमीपणा मानू नकोस. हे दवाखाने आपल्याच करातून उभे राहिले आहेत.

पगार हाती आला की दूध, डाळ, अंडी आणि औषध यांचे पैसे आधी बाजूला काढ. गाडीचा हप्ता, आहेर, सराफा बाजारातलं खाणं त्यानंतर. हप्ता थकला तर बँकेशी बोलता येतं. तरीही कमी पडलं तर सावकाराकडे जाण्याआधी माझ्याकडे ये. आणि धाकट्याचा डोस याच आठवड्यात दे.

तुझी,
आत्या